तळ्याकाठचा हिशेब

गेल्या मे महिन्यात आमच्या शाळेतील चौदा मुलांना घेऊन मी गावापासून सहा कोसांवरच्या एका तळ्याकाठी दोन रात्री राहून आलो. यात पराक्रम असा काही नाही. गणेशोत्सव मंडळाकडून मागून आणलेल्या दोन ताडपत्र्या, मालमोटारीच्या चार फुगवलेल्या ट्यूबा, तांदूळ-डाळ-बटाट्यांचे एक पोते आणि तळ्यावर मासेमारी करणाऱ्या एका वयस्क भोईकाकांची होडी, एवढ्या भांडवलावर आमचा हा ‘जलक्रीडा-शिबिरा’चा संसार उभा राहिला होता. नाव मात्र भारदस्त. ते हेडमास्तरांनी ठेवले होते.

निघताना मोटारस्टँडवर पालकांची गर्दी जमली होती. कोणी लाडवांचा डबा देत होते, कोणी मफलर. (मे महिन्यात मफलर! पण आईपुढे ऋतूंचे काय चालते?) एका मुलाची आई मात्र काहीच न देता खिडकीशी आली आणि म्हणाली, “गुरुजी, चौदा नेताय ना? चौदाच आणा.” ती हसली, मीही हसलो. मोटार सुटली, आणि पुढच्या दोन्ही रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

परत आल्यावर अंगातला शिणवटा गेला, पण एक प्रश्न काही जाईना. दुसऱ्यांची पोरे उचलून पाण्याकाठी न्यायची, त्यांना पोहू द्यायचे, होडीत बसू द्यायचे, आणि रात्री तिथेच उघड्यावर निजवायचे, हा उद्योग जगात पहिल्यांदा कोणाला सुचला असेल? आपल्याकडे पोहणे शिकवत ते विहिरीत. पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा, काका किंवा मामा वरून ढकलून द्यायचा, आणि पोर नाकातोंडात पाणी जात वर आले की झाले शिक्षण! संध्याकाळी पोर घरी जेवायला. रात्र बाहेर काढणे हे कीर्तनाला, जत्रेला किंवा शेताच्या राखणीला. तेव्हा हे शिबिराचे खूळ बाहेरून आले असले पाहिजे, असा माझा तर्क होता आणि तो खरा निघाला. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. पण इतिहासाचा मास्तर एकदा कशाच्या मागे लागला की शब्दकोश उशाशी घेऊन निजतो. पावसाळाभर जे वाचले, त्यातले काही वाचकांपुढे ठेवतो.

या गोष्टीचा आरंभ एका मास्तरापासूनच होतो, याचा मला जातभाई म्हणून अभिमान वाटला. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात वॉशिंग्टन नावाचे एक लहानसे गाव आहे (राजधानीचे शहर ते वेगळे). तेथे फ्रेडरिक विल्यम गन नावाचे गृहस्थ व त्यांच्या पत्नी ॲबिगेल मिळून एक निवासी शाळा चालवीत. गुलामगिरीविरुद्ध उघड बोलल्यामुळे एके काळी याच माणसाच्या शाळेतून लोकांनी मुले काढून घेतली होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. वर्तमानपत्रांत लढाईच्या बातम्या, रस्त्यावर पलटणी. मग शाळेतली पोरेही शिपायांसारखी कूच करू लागली, तंबूत निजण्याचा हट्ट धरू लागली. दुसऱ्या एखाद्या मास्तराने छडी उगारली असती. गनसाहेबांनी त्या ऑगस्टमध्ये सबंध शाळाच बाहेर काढली. सुमारे चाळीस मैल चालत ही पलटण समुद्रकाठी मिलफर्डला गेली, तंबू ठोकून जवळजवळ दोन आठवडे राहिली, होड्या वल्हवल्या, मासे धरले, पोहली आणि चालतच परत आली. मुलांना ते इतके आवडले की पुढे हा प्रघातच पडला. काही वर्षांनी समुद्र सुटला आणि शाळेपासून जवळच असलेल्या वॅरमॉग नावाच्या तळ्यावर तळ पडू लागला. तो १८७९ पर्यंत चालला. अमेरिकन लोक आपल्या उन्हाळी शिबिरांची वंशावळ सांगताना मूळपुरुष म्हणून या गनचेच नाव घेतात.

मध्यंतरी, १८७६ साली, पेनसिल्व्हेनियात जोसेफ रॉथ्रॉक या डॉक्टरांनी अशक्त मुलांसाठी डोंगरावर अशीच एक शाळा काढली. वीस मुले, पाच शिक्षक, चार महिने मुक्काम, फी दर मुलामागे २०० डॉलर. मुलांची प्रकृती सुधारली, शाळेची मात्र ढासळली, खर्च भागेना. हा खर्चाचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, तो पुन्हा येणार आहे.

मला जो माणूस खरोखर भावला, तो यानंतरचा. अर्नेस्ट बॉल्च हे त्याचे नाव. एका धर्मोपदेशकाचा मुलगा, डार्टमथ कॉलेजातला विद्यार्थी, वय विशीतले. म्हणजे मिशी फुटली न फुटली असे. न्यू हॅम्पशायर राज्यात डोंगरांच्या कुशीत स्क्वॅम नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. सरोवर मोठे, पण काठ अतिशय वेडेवाकडे आणि मध्ये बेटांचा नुसता पसारा. (हे सरोवर काही वाचकांनी पाहिलेले असण्याचा संभव आहे. १९८१ च्या ‘ऑन गोल्डन पाँड’ या चित्रपटाचे चित्रण तेथेच झाले. त्यात हेन्री फोंडा या थोर नटाची शेवटची मोठी भूमिका आहे. म्हातारा आणि पोरगा होडीतून मासे धरायला जातात ते हेच पाणी.) त्या चित्रपटाच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८८१ च्या उन्हाळ्यात, बॉल्च पाच मुलांना घेऊन यातल्या एका लहान बेटावर उतरला. बेटाचे नाव चोकोरुआ.

त्याला हे सुचले ते रागातून. धनिक अमेरिकन कुटुंबे उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी हॉटेलांत महिना-दोन महिने जाऊन राहत. बायका व्हरांड्यात बसत, पुरुष पत्ते खेळत आणि दहा-बारा वर्षांची पोरे दिवसभर नोकरांवर हुकूम सोडीत कंटाळत हिंडत. आपल्याकडे महाबळेश्वरला किंवा माथेरानला मे महिन्यात कधी पाहिले असेल, तर चित्र डोळ्यांसमोर उभे राहील. ही मुले सुखात आहेत असे सगळे म्हणत. बॉल्चला ती दयनीय वाटली. यांना पाणी द्या, झाडे द्या, आणि मुख्य म्हणजे यांचे नोकर काढून घ्या, असे त्याचे म्हणणे. चोकोरुआ बेटाचा पहिला कायदा हाच होता की येथे नोकर नाही. स्वयंपाक मुलांनी करायचा, भांडी मुलांनी घासायची, केरवारा मुलांनी काढायचा. सगळ्यांच्या चार टोळ्या केलेल्या असत, प्रत्येक टोळीबरोबर एक वडीलधारा. एका टोळीकडे चूल, दुसरीकडे भांडी, तिसरीकडे तळाची स्वच्छता. आणि पाळीपाळीने रोज एका टोळीला सुट्टी. ज्याच्या घरी बुटाची नाडी बांधायलाही गडी होता, तो येथे राखाडी फ्लॅनेलचा सदरा घालून करपलेले पातेले खरवडीत बसे.

आणि मग पाणी! बेटच ते, उतरायचे तर होडी, निघायचे तर होडी. तेथे पोहणे हा खेळाचा तास नव्हता, ती चालण्यासारखीच गोष्ट होती. रोज पोहायचे, सूर मारायचे, वल्ही मारायची, शिडाची होडी वाऱ्यावर कशी धरायची ते शिकायचे. कनू म्हणून एक निमुळती हलकी होडी तिकडे असते, मूळची तिथल्या आदिवासींची. जरा तोल गेला की उलटते. ती चालवता येणे म्हणजे मोठेपणाची खूण. शर्यती होत. रविवारी झाडांखाली दगडांच्या वेदीपुढे प्रार्थना होई. पहिल्या वर्षीच्या पाचांचे पुढे वीस-पंचवीस झाले.

पण बॉल्चच्या डोक्यातली सर्वांत नवलाची कल्पना वेगळीच होती. त्याने बेटावर पेढी काढली. घरून कितीही पैसा येवो, बेटावर सगळे सारखे गरीब! आठवड्याला ठरावीक हातखर्च मिळे, तो पेढीत जमा होई, आणि मुले त्यावर धनादेश लिहीत. जास्त पैसे हवेत? मग काम करून मिळवा. बेटावर पायऱ्या बांधायच्या असत, धक्क्याला दगड हवे असत, दुरुस्त्या निघत. त्यांची कंत्राटे निघत आणि मुले निविदा भरीत. कमी पैशांत घेतले तर तोटा, जास्त मागितले तर काम दुसऱ्याला. काही मुलांनी मिळून कंत्राटी कंपन्याही काढल्या होत्या. वाचताना मला हसू आले. पण विचार केला तेव्हा वाटले, आमच्या शाळेत ‘नफा-तोटा’ हे प्रकरण मी गणिताच्या मास्तरांऐवजी शिकवायला घेतो तेव्हा पोरे जांभया देतात. त्यांच्या हाती एक धक्का आणि दहा दगड दिले असते तर?

आता पुढची गोष्ट ऐका. ज्याने पोरांना इतक्या कसोशीने जमाखर्च शिकवला, त्या बॉल्चचे स्वतःचे गणित काही जमले नाही. शिबिराची कीर्ती वाढली, पैसा मात्र पुरेना. आणि १८८९ साली चोकोरुआचे शिबिर बंद पडले. कादंबरीत मी असे लिहिले असते, तर संपादकांनी “फार ओढून ताणून आणलेले वाटते” असा शेरा मारून हस्तलिखित परत पाठवले असते. मला मात्र त्यात आश्चर्य वाटत नाही. अशा शिबिराची मिळकत उन्हाळ्याच्या चार-दोन महिन्यांची, आणि खर्च बारमाही. त्या मुलखात हिवाळ्यात सरोवर गोठते. बर्फ सुटू लागला की धक्के उखडतात. होड्या उपड्या घालून ठेवल्या तरी दर वर्षी सांधे भरावे लागतात, रंग द्यावा लागतो. मुले कमी घ्यावीत तर भागत नाही, आणि जास्त घ्यावीत तर एकेकाकडे लक्ष राहत नाही. रॉथ्रॉक डॉक्टर याच खडकावर आपटले होते. मला बॉल्चबद्दल वाईट वाटते ते याचे, की त्याची मुले आपली पेढी चालवीत होती तेव्हा हा रात्री कंदिलाशी बसून कोणती वही पाहत असेल!

त्याच्या बेटावरची वेल मात्र दुसरीकडे लागली. त्याच्या धर्तीवर निघालेले एक शिबिर डॉ. विन्थ्रॉप टॅल्बट यांनी स्क्वॅमच्याच काठी आणले. त्याच सुमारास, १८८५ साली, समनर डडली या गृहस्थाने वाय. एम. सी. ए. च्या मूठभर मुलांना न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंज लेकवर नेले. निघण्यापूर्वी मुलांनी केस काढून टाकले होते म्हणून तळाला ‘टकल्यांचा तळ’ असेच नाव पडले. मला तर मुंजीतल्या बटूंची पंगत डोळ्यांसमोर आली. डडली १८९७ मध्ये, ऐन उमेदीत वारला, पण त्याच्यामागे एक संस्था होती; आणि म्हणून त्याचे शिबिर शँप्लेन सरोवराकाठी त्याच्याच नावाने आजही भरते. बॉल्चपाशी कल्पना होत्या, डडलीपाशी कमिटी होती. मास्तर म्हणून मी बॉल्चच्या बाजूचा, पण हे कबूल करणे भाग आहे.

मुलींना पाण्याकाठी न्यायला आणखी काही वर्षे जावी लागली. न्यूयॉर्कमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या लॉरा मॅटून या बाईंनी १९०२ साली विनिपसॉकी सरोवराकाठी मुलींचे शिबिर काढले, आणि त्या काळचे पायघोळ झगे बाजूला ठेवून मुलींना घोळदार विजारी घालायला लावल्या. झग्यात पोहता येत नाही, इतकी ती साधी गोष्ट. पण त्यावर किती लोकांनी नाके मुरडली असतील याची कल्पना नऊवारी नेसून विहिरीत पोहलेल्या आमच्या आज्यांना आली असती.

येथवर सगळे गोड आहे. पण मोटारस्टँडवरच्या त्या बाईंचे वाक्य माझ्या कानात होते, म्हणून मी आणखी वाचत गेलो. आणि इंग्लंडातली १९१२ सालची एक हकीकत समोर आली. ती तळ्यावरची नव्हे, समुद्रावरची. तरी सांगितली पाहिजे. लंडनमधल्या वॉलवर्थ या गरीब वस्तीतले बालवीर शिडाच्या होडीतून थेम्स नदीने उन्हाळी शिबिराला निघाले होते. ४ ऑगस्ट रोजी, लेज्डाउनचा किनारा दिसू लागला असता, अचानक वाऱ्याचा झोत आला आणि होडी उलटली. आठ बालवीर आणि त्यांच्यासोबतचा शिकाऊ जहाजावरचा एक मुलगा, असे नऊ जण बुडाले. त्यांचे मृतदेह आरमाराच्या जहाजातून थेम्सवरून लंडनला परत आणण्यात आले. ज्या नदीने पोरे गात गेली असतील, त्याच नदीने. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि दोन दिवस उघडले नाही.

पाण्याचा हा दुसरा हिशेब. तो पुढच्या लोकांनी फार सावकाश, फार महाग किंमत देऊन शिकून घेतला. १९१४ साली अमेरिकन रेडक्रॉसने विल्बर्ट लाँगफेलो या धिप्पाड गृहस्थाच्या पुढाकाराने बुडत्याला वाचवण्याचे पद्धतशीर शिक्षण सुरू केले; प्रत्येकाला पोहता आले पाहिजे आणि प्रत्येक पोहणाऱ्याला दुसऱ्याला वाचवता आले पाहिजे, हा त्याचा ध्यास. आज चांगल्या शिबिरांत जी पद्धत दिसते ती किती साधी आहे! एकट्याने पाण्यात उतरायचे नाही. प्रत्येकाला एक जोडीदार. काठावर एक फळा, त्यावर खिळे. पाण्यात शिरताना आपल्या नावाची पट्टी खिळ्यावर अडकवायची, बाहेर येताना काढायची. दर दहा-एक मिनिटांनी शिट्टी वाजते, जोडीदार एकमेकांचा हात धरून वर करतात, आणि काठावरचा माणूस मोजतो. जोडीदार जवळ नसला तर तेथेच ओरडायचे. बुडणारा माणूस चित्रपटातल्यासारखा हाका मारीत नाही. बहुधा तो मुकाट्याने खाली जातो, म्हणून हा सगळा खटाटोप. तळ्याचे पाणी नदीसारखे खळखळत नाही, त्यामुळे ते भोळे वाटते. पण दुपारनंतर वारा सुटतो, रिकामी होडी काठापासून पाहता पाहता दूर जाते, आणि आमच्याकडच्या तळ्यांत गाळ तर असा की पाय रुतला की ओढून धरतो. भोईकाकांनी पहिल्याच सकाळी बांबूने तळ चाचपून दोन दोऱ्या बांधून दिल्या होत्या. “या दोरीपल्याड माझं राज्य,” ते मुलांना म्हणाले, “तुमच्या गुरुजींचंबी न्हाई.” पोरे माझ्यापेक्षा त्यांनाच अधिक भ्यायली, ते बरेच झाले.

तेव्हा मला या जोडीदारांची व पट्ट्यांची काही माहिती नव्हती. मी आपला मोजत होतो. सकाळी चौदा, दुपारी चौदा, जेवताना चौदा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीला सगळ्यांना बाहेर काढले, ओळीत बसवले, मोजले, तेरा. पुन्हा मोजले, तेरा. तळे अगदी शांत होते. अशा वेळी माणसाच्या डोक्यात काय येते ते मी कादंबऱ्यांत अनेकदा लिहिले आहे, आणि सगळे चुकीचे लिहिले आहे. डोक्यात काहीच येत नाही. माझ्या मनात फक्त मोटारस्टँडवरची खिडकी होती. भोईकाका एक शब्द न बोलता होडीकडे धावले. मी नावे पुकारू लागलो, माझाच आवाज मला ओळखू येईना.

“आलो, गुरुजी!” असा आवाज आला तो पाण्याकडून नव्हे, चुलीकडून. हा गृहस्थ ताडपत्रीमागे उकिडवा बसून भाताचे पातेले राखेने घाशीत होता. दुपारी त्याची पाळी चुकली होती. रात्री मुले चिडवतील म्हणून तो गुपचूप आधीच येऊन ती फेडीत होता. कोपरापर्यंत हात काळे, पातेले मात्र लखलखीत. मी त्याला काही बोललो नाही. त्याच्याशेजारी बसलो आणि दुसरे पातेले पुढे ओढले. त्याला वाटले, गुरुजींना भांडी घासण्याची हौस आहे. अद्यापही त्याची तीच समजूत आहे.

पुढे पावसाळ्यात बॉल्चच्या चार टोळ्यांविषयी वाचताना ते पातेले आठवून मी मध्येच थांबलो होतो.

चोकोरुआ बेटाला आता ‘चर्च आयलंड’ असेही म्हणतात. शिबिर बंद झाले, पण मुलांची ती उघड्यावरची प्रार्थनेची जागा राहिली. अजूनही उन्हाळ्यात दर रविवारी आसपासचे लोक होड्यांतून बेटावर येतात आणि झाडांखाली बसतात.

आमचे चौदा चौदाच परत आले. स्टँडवर त्या बाईंनी खिडकीतून आत डोके घालून स्वतःच मोजून घेतले, मगच आपल्या मुलाकडे पाहिले. शिबिराचा जमाखर्च मी दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर मांडला. भोईकाकांचे पैसे, मोटारीचे भाडे, वाणसामान वजा जाता शिल्लक राहिले अडतीस रुपये. त्यातून शिट्टी घ्यावी की ट्यूबेचे पंक्चर काढावे, यावर मुलांचे दोन तट पडले आहेत आणि दिवाळीची सुट्टी लागली तरी भांडण मिटलेले नाही.